नखांना जेल काऊन लावून दिलं नाही: ताई, तुमच्या 1 स्टारचं उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, दोनदा वाचला, आणि खरं सांगते आधी लय राग आला म्हणून तेव्हा काहीच टाइप केलं नाही, आता सकाळी पार्लर झाडून झालं, गिऱ्हाईक कोणी आलं नाही अजून, तर बसून लिहून रायली आहे. तुमचं म्हणणं असं की बहिणीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी गावाहून एसटीनं आलात, दीड तास बसवलं, जुनं अ‍ॅक्रिलिक (वरून बसवलेली नकली नखं) काढायचे 200 घेतले, जेल (लॅम्पखाली कडक होणारी नेलपॉलिश) लावायला नाही म्हटलं, क्युटिकल (नखाच्या बुडाची कातडी) कापून दिलं नाही, नखं घासायच्या फाइलचे 20 वेगळे लावले, आणि वरून शिकाऊ पोट्टीनं चारचौघींत "यांना फंगस झालाय" म्हणून इज्जत काढली.

शेवटचं शंभर टक्के खरं आहे, त्याची माफी. ती फक्त मोठ्यानं बोलली एवढंच चुकलं नाही, तिनं बोलायलाच नको होतं. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगते मी, आपण डॉक्टर नाही, आपण एवढंच ठरवायचं की या नखावर काम करायचं का नाही करायचं, रोगाचं नाव आपल्या तोंडून निघालं नाही पाहिजे. पण होतं काय, पोट्ट्या चार्टवरून पॅरोनिकिया, ऑनिकोमायकोसिस असले शब्द पाठ करतात आणि मग कुठं तरी वापरायची घाई होते बाप्पा. आणि दिसलं ते बहुतेक फंगस नव्हतंच.

तुमच्या अनामिकेचं अ‍ॅक्रिलिक क्युटिकलच्या बाजूनं उचललेलं होतं, आत पोकळ. अ‍ॅसिटोनचा कापूस पंधरा मिनिटं बांधून ठेवला, ते सुटलं, आणि खाली मुगाच्या दाण्याएवढा हिरवा डाग निघाला. असा हिरवा डाग बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा असतो, त्याला ओल लागते, आणि उचललेल्या अ‍ॅक्रिलिकखाली भांडी, धुणं, आंघोळ सगळ्याचं पाणी जाऊन बसतं, वाळत नाही. मधल्या बोटाचं तर नखच टोकाकडून अर्ध्यापर्यंत मांसापासून सुटलेलं होतं, पांढरं दिसत होतं. असं सुटायला दहा कारणं असतात, मार लागणं, सतत पाण्यात हात, सोरायसिस, फंगस, कधी जेलचीच अ‍ॅलर्जी. ते नखाचा तुकडा तपासून डॉक्टर सांगतील, मी नाही सांगू शकत. त्याच्यावर जेल लावलं असतं तर ओल आत कोंडून वरून चकचकीत झाकण ठेवल्यासारखं झालं असतं. तुम्ही म्हणालात लॅम्पच्या लाइटनं जंतू मरतात, नाही मरत ताई, तो लाइट फक्त जेल कडक करतो.

आता क्युटिकल. यावर मला जरा जास्त बोलू द्या. नख जिथं तयार होतं ती जागा, मॅट्रिक्स म्हणतात तिला, कातडीच्या आत दडलेली असते, अंगठ्यावर पांढरा अर्धा चंद्र दिसतो ना तो तिचाच बाहेर आलेला भाग. तिथं पाणी घाण जाऊ नये म्हणून नखाच्या बुडाशी कातडीची कड चिकटून बसलेली असते. नखावर चढलेला मेलेला पापुद्रा आम्ही मऊ करून ढकलतो, खरवडून काढतो, पण ती जिवंत कड कापत नाही. मी शिकत होते तेव्हा कापायची, आणि लय सुंदर दिसतं ते, दोन दिवस. एक बाई कापसाच्या सीझनमध्ये आली होती, मी चांगलं साफ कापून दिलं, दुसऱ्या दिवशी ती वेचणीला गेली, बोंडाची टोकं त्याच जागी टोचली असतील, पुन्हा शेणाचे हात. आठवड्यानं आली तर बोटात लिंबू खोचलेलं, नखुरडं झालं होतं, रात्रभर झोपली नव्हती बिचारी. माझ्याकडं रागानं पाहिलं पण नाही तिनं, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या पार्लरात कातडी कापणं बंद. शहरात कापतात म्हणता, कापत असतील.

फाइलचं म्हणाल तर ती कागदाची असते, धुऊन साफ होत नाही, म्हणून एकीची दुसरीला लावत नाही, तुम्हालाच घरी दिली होती. लोखंडी सामान ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारायचं मशीन) 121 डिग्रीवर टाकतो, निळ्या लाइटच्या डब्यावर भागवत नाही. पण 20 रुपये आधी सांगितले नव्हते हे खरं, ते आज फोनपेवर परत करते. 200 नाही करत. काढायचं काम झालेलं आहे, त्या पोट्टीनं तुमच्या नखावर एक ओरखडा न पाडता काढलं, लाइट गेली होती तरी.

माझी खरी चूक वेगळीच आहे आणि ती तुम्ही लिहिली नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइनचा फोटो पाठवला, मी भाव सांगून टाकला, हाताचा फोटो मागितलाच नाही. मागितला असता तर निदान उचललेलं अ‍ॅक्रिलिक तरी दिसलं असतं आणि तुमची चक्कर वाचली असती. बाकी आठ बोटांना साधी नेलपॉलिश लावून देते म्हटलं होतं, ते तुमच्या रिव्ह्यूत नाही आलं, असो, रागात राहून जातं.

सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही, ते वाढून पुढं निघून जायला पाहिजे, आणि हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने धरा. तोवर बारीक कापून ठेवा, खालचं सुईनं किंवा काडीनं कोरू नका (सगळ्याच करतात आणि ते आणखी सुटत जातं), भांड्यांना हातमोजे घाला. यवतमाळले मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत दाखवा, जाताना नखं कोरी ठेवून जा, पॉलिश असली तर डॉक्टरांना काही दिसणार नाही. त्यांनी हो म्हटलं की मला हाताचा फोटो पाठवा, खिडकीच्या उजेडात काढलेला, पिवळ्या बल्बखाली नको.