प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस (पीएमओ) 2030 ला बंद होणार म्हणे. आधी 'आत्री' म्हणजे काय ते सांगा

गेल्या पंधरवड्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. मला तो एकाच दिवशी वर्कशॉपवाल्या मित्राकडून, सीएकडून आणि मेव्हण्याकडून आला. मजकूर असा: गार्टनर ही संशोधन-सल्ला कंपनी म्हणते, 2030 पर्यंत 80 टक्के प्रोजेक्ट मॅनेजर जाणार. मीटिंगची मिनिट्स एआय लिहील, कुठलं काम लांबणार तेही तोच सांगेल. म्हणून सगळं करणारं एकच मोठं टूल घ्या, आणि पैसे नसतील तर फुकटातलं घ्या, काम तेच.

मी एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटचं प्लॅनिंग बघतो. आमचा पीएमओ म्हणजे तीन टेबलं, एक प्रिंटर आणि भिंतीवरचा पांढरा बोर्ड. टूल निवडायच्या मागे आम्हीही आहोत, म्हणून एआयला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. पण मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊ.

"80 टक्के मॅनेजर जाणार." आकडा खरा आहे, वाक्य खोटं. गार्टनरने मार्च 2019 मध्ये जे म्हटलं ते माणसांबद्दल नव्हतं, कामाबद्दल होतं. कुठलं काम तेही सांगितलं होतं: माहिती गोळा करणं, ट्रॅकिंग, रिपोर्टिंग. शिवाय तो अंदाज होता, तोही चॅटजीपीटी यायच्या साडेतीन वर्षांहून आधीचा. आमच्याकडे ट्रॅकिंग म्हणजे सकाळी साडेनऊला पॅटर्न शॉप (साच्यासाठी पार्टचा लाकडी नमुना बनतो ते), कोअर शॉप (पार्टच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर बनतो ते), मशीन शॉप असा फेरा. तो कुणी वाचवत असेल तर पाहिजेच आहे. पण कोअर बॉक्स, म्हणजे कोअरचा साचा, अडलाय तो वेंडरचं मागचं बिल थकल्यामुळे, हे वेंडर कुठल्या टूलमध्ये भरणार नाही. चहा पिताना सांगतो, तेसुद्धा दुसऱ्या कपाला.

"मिनिट्स एआय लिहील." इथं आम्ही स्वतः आपटलोय. पंधरा दिवसांच्या ट्रायलवर एक रेकॉर्डर लावला. आमची मीटिंग कशी चालते ते बेळगावकरांना सांगायला नको: प्रश्न मराठीत, उत्तर कन्नडमध्ये, शिव्या हिंदीत आणि तारखा इंग्रजीत. पॅटर्न शॉपचे मिस्त्री गोकाककडचे. मी म्हटलं, "मिस्त्री, पंप हाऊसिंगचा पॅटर्न शुक्रवारी पाहिजे बघा." ते म्हणाले, "आत्री."

दुपारी मिनिट्स आली, टापटीप इंग्रजीत: पॅटर्न पूर्ण.

आता 'आत्री'तलं 'री' आदराचं, आणि कन्नड 'आतु' म्हणजे 'झालं' हे बरोबरच आहे. पण समोरच्याचं ऐकून घेतलं, 'बरं, ठीक आहे', यालाही आपल्याकडं तोच शब्द. मिस्त्रींनी अजून लाकूडसुद्धा कापलेलं नव्हतं. मिनिट्सवरून डॅशबोर्डची ओळ हिरवी झाली, डॅशबोर्डवरून आठवड्याचा रिपोर्ट बनला आणि पुण्याच्या कस्टमरचा मेल आला, पॅटर्नचे फोटो पाठवा. त्याच मीटिंगमध्ये मशीन शॉपचे सुपरवायझर एका फिक्स्चरबद्दल "बघूया की" म्हणाले होते. ते लिहिलं गेलं, 'तपासणीची जबाबदारी घेतली'. इकडं 'बघूया की'चा अर्थ काय होतो? होणार नाही, पण तुमच्या तोंडावर कसं सांगू.

तेव्हा सेल्सवाल्याचा डेमो बघून काही ठरवू नका. तो एसी खोलीत, एकट्याच्या स्वच्छ इंग्रजीत असतो. सगळ्यांची परवानगी घेऊन आपल्याच मीटिंगचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग द्या आणि हातानं लिहिलेली मिनिट्स शेजारी ठेवा. कोण, काय, कधीपर्यंत, एवढंच ताडून बघा. सुटलेल्या ओळीपेक्षा चुकीची ओळ वाईट. सुटलेलं कुणीतरी आठवण करून देतं. हिरवं झालेलं परत कोण बघायला जातं?

"कुठलं काम लांबणार ते तोच सांगेल." कशावरून सांगेल? मागच्या नोंदींवरून. आमच्या नोंदी बघा. एक्सेल शीट भरली जाते शनिवारी संध्याकाळी, सगळ्या आठवड्याची एकदम. म्हणजे नोंदीप्रमाणे आमच्या फाउंड्रीत प्रत्येक काम शनिवारी संपतं. दुसरं दुखणं याहून मोठं: तारीख चुकली की आपण ठरलेली तारीखच पुढं ढकलतो, जुनी पुसून. मग वर्षाअखेरीस शीट म्हणते, कुठलंच काम लांबलं नाही. असल्या शीटवर शिकलेलं टूल पुढचंही लांबणार नाही असंच सांगणार, त्याचा काय दोष? खानापूरकडची पोरं जुलैत भाताच्या लावणीला जातात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमेला मोल्डिंगची अर्धी लाईन रिकामी असते. हे आमच्या कुठल्याच रकान्यात नाही.

पारखायचं असेल तर एखादं पूर्ण झालेलं डेव्हलपमेंट घ्या, त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या नोंदी झाका आणि टूलला विचारा, पुढं काय अडेल? काय अडलं होतं ते आपल्याला माहीत असतंच. त्यासाठी मूळ तारखेचा रकाना मात्र कुलूपबंद पाहिजे. आम्ही तो याच वर्षी केला. एक रुपया लागला नाही.

"एकच मोठं टूल घ्या." मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये 365 कोपायलटची, म्हणजे वर्ड-एक्सेलमधल्या एआय मदतनीसाची, किंमत जाहीर केली ती माणशी महिन्याला 30 डॉलर. गुणाकार तुमचा तुम्ही करा. पण खरी मेख पैशांत नाही. असलं टूल ज्या माणसाला जी फाईल उघडायची परवानगी आहे ती सगळी वाचून उत्तर देतं. आपल्याकडं शेअर्ड फोल्डर म्हणजे धर्मशाळा. उद्या कुणी सहज विचारलं, सुपरवायझरांचा पगार किती, तर उत्तर येईल. आधी फोल्डर आवरा.

"फुकटातलं घ्या, काम तेच." काम तेच असेल, करार तो नसतो. चॅटजीपीटीच्या फुकट खात्यात टाकलेला मजकूर, सेटिंग बंद केलं नाही तर, मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. कंपन्यांसाठीच्या खात्यांत मुळातच तसं होत नाही. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मे 2023 मध्ये कंपनीनं अशा टूलांवर बंदी घातली. आपल्या हातात ड्रॉइंग असतं ते कस्टमरचं, गोपनीयतेच्या करारावर सही करून घेतलेलं. पीपॅपची, म्हणजे नवीन पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायच्या कागदपत्रांची, फाईल सारांश काढायला फुकट खात्यात टाकण्याआधी तो करार एकदा उघडून बघा.

आम्ही सध्या एकच काम टूलला दिलंय, मिनिट्सचा कच्चा मसुदा. मीटिंग संपताना तो मोठ्यानं वाचला जातो आणि ज्याचं काम त्यानं 'हो' म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. परवा मिस्त्री सवयीनं "आत्री" म्हणाले. मग फोनकडं बघून, जरा वाकून, बहिऱ्याला सांगावं तसं ओरडून, 'करतो हो' या अर्थानं म्हणाले, "माडतेन्री! शुक्रवारी!"