कमानीआधी ग्रामसभा

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, कमान मंजूर झाली. वर कंपनीचं नाव बी टाकणार हायत."

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावालगत एक कारखाना आहे. त्याच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढायच्या पैशातून वेशीवर कमान होणार म्हणून गावात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मिळतंय तर घ्या. दुसरा म्हणतो, शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यात गळतात, आधी तिथलं बघा. मी शाळेच्या बाजूची. पण मला जास्त खुपलं ते वेगळंच. निर्णय पुण्यात कंपनीच्या संचालकांकडे झाला आणि गावाला कळला तो खड्डे खणायला माणसं आली तेव्हा.

मी आठ वर्षं जर्मनीत, माइन्त्स शहरात राहते. करोनाची लस काढणारी बायोएनटेक कंपनी इथलीच. तिच्या रस्त्याच्या नावाचा अर्थच 'सोन्याच्या खाणीपाशी' असा होतो. इथे धंद्याच्या नफ्यावर एक कर असतो. त्याचा मोठा वाटा थेट शहराच्या तिजोरीत जातो आणि त्याचा दर शहराचे निवडून आलेले सदस्य ठरवतात. लस जगभर गेली आणि वर्षानुवर्षं कर्जात रुतलेल्या या शहराला २०२१ साली एक अब्ज युरोहून जास्त शिलकीचा अंदाज मांडता आला. मग कर्ज किती फेडायचं, कराचा दर किती उतरवायचा, यावर वाद झाले, तेही उघड सभेत. पुढे लसीची मागणी ओसरली तसा करही ओसरला. एकाच कंपनीच्या खांद्यावर शहर टेकलं की हे होणारच. म्हणून इथली पद्धत उचलून सांगलीत आणा, असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. युरोपीय संघाबाहेरची नागरिक म्हणून मला इथे नगरपालिकेलाही मत नाही, तरी मी त्या सभेत प्रेक्षक म्हणून बसू शकते. माझ्या आईला गावात मत आहे, आणि कमानीबद्दल तिला कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे कंपनीचा आयकर दिल्लीला जातो, जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ग्रामपंचायतीच्या पदरी मुख्यतः इमारतींवरची पट्टी. त्यामुळे कंपनी कायदा, २०१३ मधल्या कलम १३५ ला गावाच्या दृष्टीने मोल आहे. ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि जिथे कारखाना चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. ही कायद्याची भाषा आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. मात्र खर्च सुचवणारी समिती संचालकांची. तिच्यात गावातलं कुणी असावं, असं कायदा म्हणत नाही.

भावाच्या, म्हणजे कमान घ्या म्हणणाऱ्या तटातली जाणती माणसं किर्लोस्करवाडीचा दाखला देतात. आम्हाला ती जवळच. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथे कारखाना व वसाहत उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीला ठेवलं. ग्रामसभेला विचारून नाही केलं हे, ते म्हणतात, मालकाच्या शहाणपणावर झालं. खरं आहे. पण तो मालक त्याच माळावर राहत होता. पाणी कुठे मुरतं आणि कोणाच्या घरात चूल पेटत नाही, हे त्याला अहवालात वाचावं लागत नव्हतं. आजचे संचालक शंभर-दोनशे किलोमीटरवर बसतात. त्यांना सांगायला कुणीतरी हवं, आणि ते काम गावाचं आहे.

तरुण पोरं म्हणतात, आम्हाला काही नको, ठेकेदार काढा आणि कायम नोकरी द्या. त्यांचं बरोबर आहे. फक्त ती मागणी या पैशात मिसळू नये. निव्वळ आपल्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, तेव्हा 'कमान दिली ना, आता नोकऱ्यांचं बोलू नका' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नये.

कंपनीतली माणसं वाईट नाहीत. २०१९ च्या पुरात आमच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याचा पहिला टँकर त्यांचाच आला होता. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काय पाहिजे? तसंच आताही विचारावं.

भावाला मी एवढंच सांगितलं. कंपनीच्या सीएसआर समितीला वर्षाचा कृती आराखडा करावा लागतो आणि आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणजे २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी वेळेवर येते. कंपनीच्या व्यवस्थापकांना तिचं रीतसर पत्र द्या, आराखड्याचा कच्चा कागद घेऊन बोलवा, आणि शाळेच्या खोल्यांचा ठराव आधी लिहून ठेवा. "सरपंचांना इचारतो," म्हणाला. पत्राचा मसुदा मी काल रात्री त्याला पाठवला आहे.