काडीची हजेरी

रोज सकाळी उठल्यावर लोक मोबाईल बघतात, मी टॉर्च घेऊन फिशटँकसमोर उकिडवा बसतो आणि काड्या मोजतो. एकूण पाच. त्यातल्या तीन खऱ्या, दोन मासे. पाच भरल्या की चहा, चार भरल्या की शोधमोहीम, कधी फिल्टरच्या पाईपमागे तर कधी झाडाच्या देठाला चिकटून साहेब देठ झालेले असतात.

ट्विग कॅटफिश नावाचं हे प्रकरण मीच हौसेने आणलं, कोण कशाला जबरदस्ती करेल. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, पाण्यात पडलेल्या फांद्यांना चिकटायचं आणि शेवाळ खरवडत राहायचं, बस. शत्रूला काडी वाटावी म्हणून तसं शरीर, ते ठीक आहे हो, पण मालकाला तरी ओळख दाखवावी ना! शास्त्रीय नाव फार्लोवेला, १८८९ साली ठेवलेलं, तेही विल्यम फार्लो नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञावरून. शेवाळाचा अभ्यासक होता तो, त्यामुळे असेल, पण माशाला झाडवाल्याचं नाव दिलेलं बघून मला जरा बरं वाटलं, गोंधळलेला मी एकटा नाही.

काडीच ती, तिचे काय नखरे असणार, असं वाटलं होतं. पण पाण्यात नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून साठणारं क्षार, जरा वाढलं की ह्यांची तब्येत बिघडते, नवीन टँक तर चालतच नाही, म्हणजे शेवाळ धरलेला जुना टँक हवा आणि पाणी मात्र नवं हवं. म्हणीत बुडत्याला काडीचा आधार असतो, इथे बुडलेल्या काडीला माझा, दर आठवड्याला बादल्या उचलून.

खरा छळ जेवणाचा. टँकमधे गप्पी आणि टेट्रा हे छोटे मासेही आहेत, ती पोरं लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदाच बसल्यासारखी तुटून पडतात. वेफर, म्हणजे माशांच्या खाण्याची चकती, टाकला की दोन मिनिटात फस्त, आणि काडीला वेफर आल्याची बातमी पोचते तासाभराने. मग लाईट बंद करून, रात्री अकरा वाजता, उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती काट्याला टोचून अलगद तिच्या तोंडाशी ठेवायची. आठ दिवस ठेवली. रोज अंधारात कुजबुजत "खा गं बाई" वगैरे. नवव्या दिवशी बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ती काडी आहे."

खरंच काडी होती. मासा तिच्याशेजारी होता, मी ज्याला टँकमधल्या ड्रिफ्टवूडचा, म्हणजे शोभेच्या लाकडाचा, फाटा समजून रोज हाताने बाजूला सारायचो तो. आणि काकडी बहुतेक गोगलगाय खात होती, ती मात्र चांगली बाळसं धरून आहे.

दुसरी पंचाईत म्हणजे हा जिवंत आहे हे कळणार कसं. बाकीचे मासे मेले की उलटे तरंगतात तरी, हा तासन्‌तास एकाच पोझमधे. नाकाला नाक लावून, काचेवर वाफ धरेपर्यंत कल्ले हलतायत का बघायचं, हललेले दिसले की मी श्वास सोडतो.

गेल्या महिन्यात मात्र सकाळी बघतो तर समोरच्याच काचेवर, अगदी मधोमध, पारदर्शक अंड्यांचा पुंजका आणि त्यावर एक काडी पहारा देत बसलेली. सोंडेवर बारीक दाढी, म्हणजे बाप. ह्यांच्यात आई अंडी घालून निघून जाते, राखण बाबाकडे. आठवडाभर तरी तो हलणार नव्हता, म्हणून मी ती काच पुसायची नाही अशी घरात ताकीद दिली. काच हिरवी झाली, पण मासा पहिल्यांदाच सगळ्यांना दिसेल अशा जागी होता. मी मुद्दाम शेजारच्या काकांना बोलावलं.

त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काच किती घाण झालीये हो, आणि ती काडी अडकलीये बघा, काढून टाका."