शोकसभा, वही आणि मास्तरांचं कपाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंदिरानगरच्या ताई, नमस्कार.

शोकसभेच्या तयारीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की तुमच्या कॉलनीतले निवृत्त मास्तर गेले, येत्या रविवारी सभा आहे, आणि अशा वेळी ‘वक्त्यांना चार मिनिटं द्या, घरातले कागद जपा, फ्लेक्स टाळा’ असे नियम सांगणं म्हणजे दुःखाचा हिशेब मांडणं आहे. लोकांना मोकळेपणी बोलू द्या, असं तुमचं म्हणणं. मास्तरांवरच्या मायेपोटी तुम्ही रागावलात हे दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांचं. तेराव्यापर्यंत त्यांना काहीही विचारू नये. विनंती फक्त एकच करायची, की मास्तरांचं कपाट आणि माळा इतक्यात आवरू नका. दशक्रियेला रामकुंडावर सगळे भेटतात, उत्तरकार्य उरकलं की सिन्नर-निफाडचे पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात आवराआवर निघते. चष्मा, काठी, पेन जपून ठेवलं जातं. डायऱ्या, पत्रं, जुनी पावतीपुस्तकं, गॅदरिंगच्या पत्रिका मात्र रद्दीत जातात. त्या परत मिळत नाहीत. म्हणून ही घाई, आणि ती भाच्याने किंवा शेजाऱ्याने करायची, पत्नीने किंवा मुलांनी नव्हे.

कागदांचं मोल आपल्याच नाशकात बघा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. बाबासाहेब बराच काळ नाशिकबाहेर असत. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं टिकली, म्हणून तेव्हा काय ठरत होतं, कशावर अडत होतं हे आज वाचता येतं. मास्तरांच्या कपाटात एवढं मोठं काही नसेलही. पण कॉलनीतली बालवाडी कोणत्या साली, कोणाच्या गॅरेजात सुरू झाली, हे तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.

आता तुम्हाला सर्वांत खटकलेली चार मिनिटं. बारा जण बोलणार आणि प्रत्येकाने दहा मिनिटं घेतली, तर दोन तास होतात. पहिले तीन जण ‘मनमिळाऊ, निगर्वी, हसतमुख’ हेच सांगतात. तासाभराने म्हातारी माणसं उठू लागतात, आणि ज्याची फी मास्तरांनी गुपचूप भरली तो रिक्षावाला मागच्या रांगेत बसून न बोलताच निघून जातो. वेळेची मर्यादा त्याच्यासाठी आहे. आदल्या दिवशी प्रत्येक वक्त्याला फोन करून ‘तुम्ही कोणता प्रसंग सांगणार?’ एवढंच विचारा. दोघांचा प्रसंग एकच निघाला तर एकाला दुसरा आठवायला रात्रभर वेळ मिळतो. मास्तरांबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांना आधी बोलवा. पुढाऱ्यांची वाट पाहून सभा खोळंबवू नका. ते आले की मध्ये दोन शब्द बोलतील. आणि कोणाचा कंठ दाटून आला तर सूत्रसंचालकाने घड्याळ दाखवू नये, हेही तितकंच खरं.

ध्वनिमुद्रण जरूर करा. मागच्या खुर्चीवरून फोनने केलेलं मुद्रण बहुतेक वाया जातं. हॉलमधला घुमारा आणि पंख्याचा आवाज तेवढा येतो. फोन वक्त्याच्या पुढ्यात ठेवा आणि विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन मुद्रण थांबतं. माइक वायरचाच घ्या.

दाराशी वही ठेवाल. ती कोरी ठेवली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि सही, एवढंच भरतं. त्यापेक्षा पानावर रकाने आखा: नाव, फोन, मास्तरांची ओळख कोणत्या सालापासून, एक आठवण. बॉलपेन बांधून ठेवा. जेलची शाई ओल्या हाताने पसरते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एखादी कॉलेजातली मुलगी बसवा, ते सांगतील आणि ती उतरवून घेईल. माझ्या मते अख्ख्या सभेत सर्वांत मोलाचं काम तिचं असेल.

सभेनंतर मास्तरांवर स्मरणपुस्तिका काढाल, तेव्हा जन्मतारखेबद्दल सावध राहा. त्या पिढीतल्या अनेकांच्या दाखल्यावर 1 जून असते, कारण आईवडिलांना तारीख सांगता आली नाही की शाळेतले गुरुजी तीच टाकत. घरी वेगळी तिथी सांगत असतील, तर पुस्तिकेत दोन्ही द्या आणि कोणती कुठून आली ते लिहा. मास्तरांच्या पत्नीचं माहेरचं नाव-गाव विसरू नका. ते बहुतेक पुस्तिकांतून गळतं.

पुस्तिका मध्यभागी पिन मारून करणार असाल तर पानं चारच्या पटीत हवीत; 24 पुरतात. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो आणि प्रेसवाला बऱ्याचदा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतो. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्या’ तुटतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर काढून दोघांनी मोठ्याने वाचायचं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. एरवी व्हॉट्सॲप ते बारीक करतं. चार इंच रुंद छापायचा फोटो 1200 पिक्सेल रुंद तरी असावा. जुन्या चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नका, वरचा थर निघतो. पानासकट स्कॅन करा. मागच्या बाजूला नावं मऊ पेन्सिलीने लिहा. वर्तमानपत्राची कात्रणं लॅमिनेट करू नका, आतला कागद पिवळा पडतच राहतो आणि प्लास्टिक काढता येत नाही. झेरॉक्स काढून ती वापरा. छापल्यावर एक प्रत आपल्या नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालय’ या संस्थेत द्यायला विसरू नका. 1840 पासूनची ती संस्था आहे, तिथे ती टिकेल.

राहिला फ्लेक्स. लावणाऱ्याच्या भावनेवर माझा आक्षेप नाही. पण चौकात लावायला महापालिकेची परवानगी लागते, आणि विनापरवाना फलक उतरवला की मास्तरांचा चेहरा ट्रॉलीत पडलेला घरच्यांना बघावा लागतो. त्यावर ‘शोकाकुल’ म्हणून वीस चेहरे असतात, मास्तरांनी काय केलं याची एक ओळ नसते. तोच खर्च हॉलच्या दाराशी एका फलकावर करा: कोणत्या शाळेत किती वर्षं, कोणता विषय, कोणतं वाचनालय, कोणती व्यायामशाळा उभी केली. लोक थांबून वाचतील, चूक असेल तर तिथल्या तिथे सांगतील.

रविवारला अजून अवकाश आहे. वक्त्यांना फोन आणि वही एवढं तरी या आठवड्यात होईल. पुस्तिका वर्षश्राद्धापर्यंत केली तरी चालेल. कच्चा मजकूर पाठवलात तर तारखा, नावं आणि शुद्धलेखन मी तपासून देईन.