‘टेस्ट निगेटिव्ह, मग कोविड कसला?’ म्हणणाऱ्या सरांना

सर, कोविड होऊन गेल्यावर काही मुलांना होणाऱ्या एमआयएस-सी (अंगातल्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) ह्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "टेस्ट निगेटिव्ह, मग कोविड कसला? डॉक्टर नसताना आईबापांना घाबरवायचा धंदा बंद करा." धंदा? हा शब्द लागला मला, सरळ सांगतो. मुद्दा खोडायचा तर खोडा की, पण ओळखदेख नसताना असं बोलायची आमच्या निपाणीकडं पद्धत नाही.

एक मान्य. कावासाकी (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) आणि एमआयएस-सी एकच असल्यासारखं मी एका ठिकाणी लिहिलं, ते चुकलं. कावासाकी बहुतेक ५ वर्षांच्या आतल्या पोरांना होतो, एमआयएस-सी त्याहून मोठ्या मुलांत जास्त दिसला. दुरुस्त करतो.

आता निगेटिव्हचं. मे २०२१ मध्ये अक्काच्या घरी सगळ्यांना कोविड झाला, तिच्या ८ वर्षांच्या पोराला दोन दिवस कणकण, बास. महिन्याभरानं ताप चढला तो उतरेचना, उलट्या, पोटात कळा, डोळे लालभडक पण चिपाड नाही, ओठ फुटलेले. गावातले डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स असेल. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली आणि आम्ही पण तुमच्यासारखेच निर्धास्त झालो! चौथ्या दिवशी हातपाय गार, बीपी खाली, तसंच गाडीत घालून कोल्हापूर गाठलं. तिथं अँटीबॉडी पॉझिटिव्ह (म्हणजे कोविड होऊन गेलेला), फेरिटिन (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) वाढलेलं, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी. एमआयएस-सीच निघाला.

अहो, विषाणू तोवर निघून गेलेला असतो, त्यानंतर २ ते ६ आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, मग नाकातल्या स्वॅबमध्ये काय सापडणार? एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांना अशा आजारी मुलांबद्दल पहिल्यांदा सावध केलं गेलं, तेव्हाही त्यातल्या काही मुलांची टेस्ट निगेटिव्हच होती.

आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटीबॉडी) आणि स्टिरॉइड चालू झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोरानं दहीभात मागितला आणि अक्का वॉर्डाच्या दारातच खाली बसून रडली. मी डबा देऊन परत येताना कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर माझा कोविडचा रिपोर्ट दाखवत होतो. ह्याला तुम्ही धंदा म्हणता.

बहुतेक मुलांना कोविड सौम्यच होतो आणि एमआयएस-सी क्वचितच, हे मी लिहिलंच होतं. एक वर्षाच्या आतली बाळं, दमा किंवा हृदयाचा आजार असलेली मुलं जास्त ॲडमिट झाली हेही लिहिलं होतं, पूर्ण वाचलं असतं तर दिसलं असतं. औषध कंपन्यांबद्दल तुम्ही पुढं जे काय लिहिलंय त्यात मी पडत नाही.

आणि मी डॉक्टर नाही हे पहिल्याच ओळीत आहे. प्रश्न विचारा, कितीही विचारा, पण "धंदा" परत लिहिलात तर कमेंट अप्रूव्ह करणार नाही.