'झारा नव्हे थारा' म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडं फिरायलाय, बेळगावात शहापूर-टिळकवाडीच्या घरगुती ग्रुपपासून ते खानापूर-निपाणीच्या कॉलेजच्या पोरांपर्यंत. मोठ्या दुकानांच्या ब्रँडची नावं आपण सगळे चुकीची बोलतो, असं त्यात सांगितलंय. कपड्यांच्या झाराला झारा नव्हे थारा म्हणा, फर्निचरच्या आयकियाला आयकिया नव्हे इकेआ म्हणा, बुटांच्या नाइकला नायकी म्हणा, मूळ देशात जो उच्चार तोच खरा आणि तो एकच असतो, मराठी-कन्नड मिडियमच्या पोरांची जीभ इंग्लिशला वळत नाही, म्हणून फास्ट बोला आणि ॲक्सेंट आणा, शंका आली तर ट्रान्सलेट ॲपचा आवाज ऐका, नाहीतर शोरूमची नोकरी विसरा.

मी शोरूम आणि कॉल सेंटरच्या नोकरीला जाणाऱ्या पोरांना इंग्लिश बोलायला शिकवते, आणि ह्या मेसेजनं काय झालंय ते मला वर्गात दिसतं. जी पोरं चार वाक्यं धडाधड बोलत होती ती आता ब्रँडचं नाव आलं की थांबतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात, 'टीचर, आता झारा म्हणायचं की थारा?' म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

मूळ देशातला उच्चार तोच खरा, हे पहिलं. अहो पण प्रश्न इंग्लिश बोलण्याचा आहे ना, मग स्पॅनिश कुठनं आलं मध्येच? झारा १९७५ साली स्पेनच्या आ कोरुन्या शहरात सुरू झालं, तिथं थारा म्हणतात हे खरंच आहे, पण तीच स्पॅनिश भाषा मेक्सिको-अर्जेंटिनात बोलतात आणि तिथं ते सारा होतं. म्हणजे मूळ भाषेतच दोन उच्चार, आता कुठला धरायचा सांगा. इंग्लिशमध्ये झारा म्हणतात आणि बेंगळूरला तुम्ही नोकरीला गेला तर तिथलं गिऱ्हाईक झाराच म्हणणार. आयकियाचं तेच. स्वीडनमध्ये इकेआसारखा उच्चार करतात, इंग्लिशमध्ये आयकिया, आणि बेंगळूरच्या नागसंद्राला २०२२ मध्ये त्यांचं दुकान उघडलं तिथं जाऊन बघा, येणारे-जाणारे आयकियाच म्हणतात. बाटा तर आपल्या आज्यापणज्याच्या पायात होता. ती कंपनी १८९४ ची, झ्लिन गावची, आताच्या चेक देशातली, आणि चेक भाषेत त्या नावातला ट मऊ, बात्याच्या जवळ जाणारा आहे. खडेबाजारात कुठल्याही चप्पलच्या दुकानात 'बात्याचे सँडल दाखवा' म्हणून बघा, काउंटरवरचा माणूस परत विचारणार, काय पाहिजे म्हणून. लॅक्मे घ्या, १९५२ साली टाटांनी इथं भारतातच काढलेला ब्रँड, नाव एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचं, आणि ते म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. ह्याचा मूळ देश कुठला धरणार?

प्रत्येक नावाला एकच बरोबर उच्चार असतो, हेही टिकत नाही. आदिदास हे आदि दासलर ह्या जर्मन माणसाच्या नावावरून आलंय, जर्मन लोक पहिल्या 'आ'वर जोर देतात, अमेरिकन लोक मधल्या 'डी'वर, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. नेस्लेला तर ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं लोक नेसल्स म्हणायचे.

एक मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे ते सांगते, नायकी. नाइक नव्हे, शेवटी 'की' आहे, विजयाच्या ग्रीक देवीचं नाव आहे ते, आणि २०१४ मध्ये दोघांनी पत्र पाठवून विचारलं तेव्हा कंपनीचे एक संस्थापक फिल नाइट यांनी स्वतःच त्यावर शिक्कामोर्तब केलं. कंपनीनंच सांगितलंय तर तसं म्हणावं. लीवाइजचंही तसंच, लीवाय हे माणसाचं नाव, त्याला मागं ज लागलाय, म्हणून लेविस किंवा लिविस नाही.

आता ज्या मुद्द्याचा मला खरा राग आहे तो. मराठी-कन्नड मिडियमच्या पोरांची जीभ वळत नाही म्हणे. ज्या पोरांच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, बसमध्ये हिंदी आणि बाजारात कोकणीसुद्धा कानावर पडते त्यांची जीभ वळत नाही? उलट इंग्लिशला लागणारे कितीतरी आवाज आपल्याकडं आधीच आहेत, फक्त कुठं वापरायचे ते कोणी दाखवत नाही. झुडिओ घ्या. बरीच पोरं जुडिओ म्हणतात, जिलेबीतला ज घालून. मी म्हणते आधी 'जिलेबी' म्हणा, जीभ मागं टाळूला लागते का बघा, आता 'खडेबाजार' म्हणा, तिथला ज वेगळा आहे, जिभेचं टोक पुढं दातांच्या मागं येतं. झुडिओचा आवाज ह्या बाजारातल्या ज च्या अगदी शेजारी आहे, फक्त जीभ टेकवायची नाही, बारीक फट ठेवून हवा सोडत राहायची, गळ्यावर बोट ठेवलं की गुणगुण लागली पाहिजे. आणि आपण लिहिताना झ लिहितो म्हणून झाडातल्या झ सारखा हकार मारायचा नाही. एवढं दाखवलं की बहुतेकांना तिथल्या तिथं जमतं. व्हॅन ह्युसेन आणि वेस्टसाइडचं बघा, मराठी माणूस एकीकडं व्ह लिहितो आणि दुसरीकडं व, म्हणजे फरक आपल्याला कळतो, तोंडात आणायचा राहतो, पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, दुसऱ्याला दात बाजूला ठेवून ओठ गोल करायचे, झालं.

कन्नड पोरांचंही ऐका. कन्नडात बरेच शब्द शेवटी स्वर घेतात, म्हणून इंग्लिश शब्दाला शेवटी उ चिकटतो, डीमार्टचं डीमार्टु होतं, आणि सीमाभागात राहून आपल्या मराठी पोरांनाही ती सवय लागते. शेवटच्या ट वर जीभ टेकवून थांबायला शिकलं की ते जातं. पण त्याच कन्नडात पाचही स्वरांना ऱ्हस्व-दीर्घ असतं आणि ते बदललं की अर्थ बदलतो, त्यामुळं लीवाइजमधला दीर्घ 'ली' त्यांना चटकन जमतो, आणि आपली मराठी पोरं, जी बोलताना इ-ई मध्ये फारसा फरक करत नाहीत, ती तिथं अडकतात. म्हणून मी एका बाकावर एक मराठी आणि एक कन्नड असं बसवते, कन्नडवाला ली शिकवतो, मराठीवाला बाजारातला ज शिकवतो.

फास्ट बोला, ॲक्सेंट आणा. हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. ॲक्सेंट आणि समजणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग ह्या अभ्यासकांनी १९९५ सालीच दाखवलंय की परक्या भाषेचा जोरदार ॲक्सेंट असूनही बोलणं ऐकणाऱ्याला पूर्ण समजू शकतं. इंग्लिश उच्चारांच्याच अभ्यासक जेनिफर जेंकिन्स बाईंनी २००० साली मांडलं की जगभरातले लोक एकमेकांशी इंग्लिश बोलतात तेव्हा 'थ'चा तो खास इंग्रजी आवाज आला नाही तरी समजायला अडत नाही. मग डेकॅथलॉन म्हणताना आपला साधा थ आला तर काय बिघडलं? तिथं बघायचं असेल तर जोर बघा, मधल्या 'कॅथ'वर येतो, डि-कॅथ्-लॉन. तो पहिल्या 'डे'वर टाकून बाकीचं गिळलं की नाव ओळखू येत नाही.

माझ्या वर्गात खानापूरकडची एक मुलगी आहे, आवाज छान, पण फोनवरचं पहिलं वाक्य म्हणायला सांगितलं की 'गुडमॉर्निंगवेलकमटू' आणि पुढं दुकानाचं नाव सगळं एका श्वासात. तिनंही तो मेसेज वाचलेला, फास्ट म्हणजे स्मार्ट असं डोक्यात बसलेलं. मी तिला म्हटलं नावाच्या आधी बाकावर एक टिचकी मार, नाव म्हण, मग परत टिचकी, मग पुढचं. टिचक्या बंद केल्या तरी ती गॅप राहिली, आणि मागच्या बाकावरच्यांना नाव ऐकू यायला लागलं. ॲक्सेंट तिचा खानापूरचाच आहे की अजून.

फोनवर तर आणखी एक अडचण. साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो आणि स आणि फ वेगळे ओळखू येतात ते बरंचसं त्याच्या वरच्या आवाजामुळं. म्हणून एस आणि एफ मध्ये समोरच्याचा घोळ होतो, तुमची जीभ कितीही चांगली असू दे. तिथं फास्ट बोलून भागत नाही, सरळ 'एस फॉर सन, एफ फॉर फॅन', 'झेड फॉर झेब्रा' करून सांगायचं.

ट्रान्सलेट ॲपचं थोडक्यात. ते तुम्ही जी भाषा निवडता त्या भाषेच्या नियमानं स्पेलिंग वाचतं, स्पॅनिश लावलं की थारा नाहीतर सारा, इंग्लिश लावलं की झारा. ब्रँडचं नाव म्हणून त्याला कोणी वेगळं शिकवलंय असं धरून चालू नका. त्यापेक्षा त्या कंपनीची भारतातली इंग्लिश जाहिरात ऐका.

राहता राहिलं नोकरीचं. बेळगावच्या शोरूममध्ये येतं कोण? मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळं आर्मीची माणसं, बाहेरून आलेले मेडिकलचे विद्यार्थी, गोव्याहून खरेदीला येणारी कुटुंबं, चिकोडी-बैलहोंगलकडचे शेतकरी. प्रत्येकाच्या तोंडात तेच नाव वेगळं येणार. तिथं तुमचं काम त्यांचा उच्चार दुरुस्त करायचं नाही, आणि त्यांच्यासारखं बोलून दाखवायचंही नाही. गिऱ्हाईक 'नाइकचे शूज आहेत काय' म्हणालं तर हसत 'हो सर, नायकीचे ह्या बाजूला, साइज काय बघू?' एवढं म्हणायचं आणि बॉक्स उघडायला लागायचं.