कपाटाची किंमत

माझ्याकडे संपत्ती आहे असा आरोप आयुष्यात पहिल्यांदाच झाला, म्हणून संपत्ती कराचा फॉर्म हातात पडल्यावर मी आधी सुखावलोच. मग ‘31 डिसेंबर रोजीचा बाजारभाव’ हा रकाना दिसला.

शेअर सोपे. त्या दिवशीचा बंद भाव बघायचा, संख्येने गुणायचं आणि कपाळाला हात लावायचा. घोडं अडलं ते घरापाशी. राजीखुशीने घेणारा राजीखुशीने विकणाऱ्याला जे देईल ते मूल्य, अशी व्याख्या. इथे विकणाराच राजी नाही, त्याचं काय? नॉर्वेत राहतं घर फार महागडं नसेल तर बाजारभावाच्या 25 टक्केच किंमत धरतात. जर्मनीत तर शेअर आजच्या भावाने आणि घरं 1964 च्या मूल्यावर, असा मजेशीर हिशोब होता. 1995 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हा दुजाभाव चालणार नाही म्हणून सांगितलं आणि 1997 पासून करच थांबला. माझ्या घराला 1964 चा भाव लावायला मी एका पायावर तयार होतो. कुणी विचारलं नाही.

मेहुण्याला दिलेले उसने पैसेही संपत्तीच म्हणे. ते बुडाले हे सिद्ध करायचं तर आधी बायकोशी बोलावं लागेल. रक्कम मुकाट्याने लिहून टाकली.

राहिलं आजोबांचं कपाट. कुलूप लावताना डावं दार गुडघ्याने दाबावं लागतं, आत डांबरगोळ्यांचा वास. शून्यच लिहिणार होतो, पण पुरावा हवा म्हणून जुनं फर्निचर घेणाऱ्याला बोलावलं. त्याने पाठच्या फळीवर टिचकी मारली. “वाळवी आहे. उचलायची मजुरी तुम्ही दिलीत तर नेतो.”

खरं तर मी त्याला मिठीच मारायला हवी होती. पण माझं टाळकं सरकलं. एकही खिळा न मारता केलेले जोड दाखवले, आजोबा सांगितले, आजोबांचे सुतार सांगितले. तो घड्याळ बघत म्हणाला, “मग तुम्हीच बोला, किती?”

मी बोललो.

“एवढ्यात अशी दोन आणून देतो,” म्हणून तो हसत जिना उतरला. त्या तिरीमिरीत मी तोच आकडा शाईने रकान्यात लिहिला.

बायकोने फॉर्म वाचला. “अहो, याच्यावर कर भरायचाय.”

“भरू की,” मी गुडघ्याने दार दाबत म्हणालो.